अर्ध्या इंचाची फट

एकदा एक मोटार तीन आठवडे बोनेटाविना उभी होती. कोल्हापुरात, यंत्रकामाच्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये. हिरव्या रंगाची, गोल दिव्यांची, सत्तर वर्षांपूर्वी विलायतेहून आलेली ही मोटार. तिचं इंजिन बाहेर काढून एका बाजूला लाकडी ओंडक्यांवर ठेवलेलं होतं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या बाजूला फळीवर. दोन्हींची दुरुस्ती उत्तम झाली होती. आता ती एकमेकांना जोडायची आणि मोटारीत उतरवायची, एवढंच काम शिल्लक होतं. नेमकं तेवढंच काही केल्या होत नव्हतं, कारण ज्यांनी ते करायचं ते दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

मोटारगाड्यांतलं मला काडीचंही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु दोन शहाणी माणसं एकत्र का नांदत नाहीत, या विषयाचा अभ्यास मी शिक्षकांच्या खोलीत, संसारात आणि सोसायटीच्या सभांमध्ये गेली चाळीस वर्षं करतो आहे. तेव्हा ही कथा सांगण्याचा अधिकार मला आहे असं मी समजतो. ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

गॅरेज होतं बाबालाल मिस्त्रींचं. वय पंच्याहत्तर, अंगानं किरकोळ, बोलणं मोजकं. सगळी गल्ली त्यांना वस्ताद म्हणे. एके काळी नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं सांगत. आता हात थरथरू लागले होते, आणि त्याचं दुःख करत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. दिवाळीनंतर मिरजेला मुलीकडे राहायला जायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्यांचे शिष्य दोन. अभिनंदन चौगुले इंजिनाच्या कामात तरबेज, तर निवास पोवार गिअरबॉक्सच्या. दोघेही पस्तिशी ओलांडलेले, दोघांनीही उमेदीची बारा वर्षं याच शेडमध्ये घालवलेली. अभिनंदन चटपटीत, बोलका, घाईचा. निवास सावकाश काम करणारा आणि मनातलं मनात ठेवणारा. वस्तादांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "गॅरेज तुम्हांला देऊन जाणार. पर दोघांस्नी मिळून. एकट्याला द्यायचं न्हाई. एकट्या इंजिनानं गाडी चालत न्हाई, एकट्या गिअरबॉक्सनं बी न्हाई. जमत नसंल तर दिवाळीला शेड रिकामं करून मोकळा होतो मी."

वस्ताद बोलले की ते करत, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. शेड गेलं तर दोघांनाही चाळिशीच्या उंबरठ्यावर दुसऱ्याच्या दारात उभं राहून काम मागावं लागणार होतं. एवढं असूनही दोघांचं फाटलं, आणि तेही अर्ध्या इंचावरून.

ते कसं, हे कळण्यासाठी मला जेवढं समजावून सांगितलं गेलं तेवढं सांगतो. गिअरबॉक्सच्या तोंडातून एक दांडा, म्हणजे शाफ्ट, पुढे आलेला असतो. त्याच्या अंगावर उभ्या खाचा असतात. इंजिनाच्या पाठीला क्लचची चकती असते, तिच्या मधल्या छिद्रातही तशाच खाचा असतात. दांडा त्या छिद्रात सरळ शिरला, खाचेत खाच बसली, की दोन्ही यंत्रांची तोंडं आपोआप एकमेकांना टेकतात. गिअरबॉक्सच्या कवचाला कडेनं कान असतात. त्या कानांतून मग बोल्ट घालायचे आणि आवळायचे.

त्या दिवशी दांडा शिरला होता, पण पुरता नाही. अर्ध्या इंचाची फट राहिली होती. तेवढ्यात मोटारीचे मालक येणार असा निरोप आला. अर्धा इंच राहिला की प्रत्येक मिस्त्रीच्या मनात एकच विचार येतो म्हणे: एवढंच तर राहिलंय, घे बोल्टनं ओढून. अभिनंदननं लांब बोल्ट घातले, पाना लावला आणि ओढायला लागला. फट मिटली नाही, पण गिअरबॉक्सचा एक कान काडकन तुटला.

"तुझा शाफ्टच वाकडा हाय," अभिनंदन म्हणाला.

"माझ्या गिअरबॉक्सचा कान तोडलास आणि वर मलाच बोलतोस व्हय?" निवास म्हणाला.

तिथून पुढे तीन आठवडे एक अक्षर नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या मोटारीचं कवच बाजारात कुठून मिळणार? वेल्डिंगवाल्यानं तो कान मोठ्या मिनतवारीनं जोडून दिला आणि बजावलं, "ह्या वेळी जोडला. परत तुटला तर माझ्याकडं आणू नका, भंगारात घाला." कान कोणामुळे तुटला याची सगळ्या गल्लीत चर्चा झाली. वस्तादांनी मात्र एका शब्दानं विचारलं नाही. जोडलेल्या कानावरून एकदा अंगठा फिरवला आणि गिअरबॉक्स फळीवर ठेवून दिला.

अबोला पाळण्यात आपल्या माणसांचा हात कोणी धरणार नाही. दोघे एकाच शेडमध्ये राबत, एकाच किटलीतला चहा पीत, पण बोलायचं ते मोटारीशी. अभिनंदन बोनेटाच्या रिकाम्या खड्ड्यात बघून म्हणे, "काही लोकं ग्रीसच्या डब्याला झाकण लावत न्हाईत." निवास मागच्या चाकाला सांगे, "काही लोकांनी आधी स्वतःच्या हाताकडं बघावं." मोटार बिचारी दोन्हीकडचं ऐकून घेई.

मोटारीचे मालक शिवगोंडाअण्णा गुळाचे व्यापारी होते. मनानं मोठे आणि घाईनं त्याहून मोठे. रविवारी पन्हाळ्याला जुन्या मोटारींचा मेळा होता, त्यात आपली मोटार पहिल्या रांगेत उभी राहिलीच पाहिजे असा त्यांचा हट्ट. त्यांनी मध्यस्थी करायचं ठरवलं. सोमवारी गुळाची अर्धी ढेप घेऊन आले, दोघांना चहाच्या गाड्यावर ओढत नेलं, गल्लीतली पाचपन्नास माणसं गोळा केली आणि म्हणाले, "भरवा एकमेकांना गूळ. झालं गेलं विसरा." चारचौघांत नाही कसं म्हणणार? दोघांनी एकमेकांच्या तोंडात गुळाचे खडे कोंबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा प्रसन्न होऊन पेढीवर गेले. दुपारी ग्रीसच्या त्याच डब्यावरून दोघांची अशी जुंपली की आधीचा अबोला बरा म्हणायची पाळी आली.

बुधवारी अभिनंदन वस्तादांपुढे एक तोडगा घेऊन आला. "वस्ताद, इंजिन मी एकटा मोटारीत उतरवतो. मागनं त्याला खालनं गिअरबॉक्स लावू दे. एकमेकांच्या मधी याचं कारणच न्हाई."

तोडगा वाईट नव्हता. पुष्कळ घरांत असाच संसार चालतो, हे मी पाहिलेलं आहे. वस्तादांनी त्याला मोटारीखाली वाकायला लावलं. जिथून गिअरबॉक्स वर चढवायचा तिथं एक जाड लोखंडी आडवी पट्टी चॅसीला, म्हणजे मोटारीच्या सांगाड्याला, कायमची जोडलेली होती.

"दिसली वाट?"

"न्हाई."

"ह्या मोटारीला खालनं वाटच न्हाई. दोन्ही बाहेर जोडायचं आणि जोडलेलं एकदम आत सोडायचं. दुसरी रीत असती तर मी बी तुम्हांला इतकं छळलं नसतं."

गुरुवारी सकाळी दोघे कामावर आले आणि बघतात तर काय, भिंतीवरचे सगळे पाने नाहीसे झालेले. लहान, मोठे, कडीचे, उघड्या तोंडाचे, एकही नाही. हातोडा नाही, पहार नाही. हत्यारांच्या लोखंडी कपाटाला कुलूप, आणि कपाटापुढे स्टुलावर वस्ताद वर्तमानपत्र वाचत बसलेले.

"जोडा," ते म्हणाले.

"पाने कुठं हायत?" अभिनंदननं विचारलं.

"कपाटात."

"मग जोडायचं कशानं?"

"हातानं. चेनकप्पी हाय, फळ्या हायत, दोघांचे मिळून चार हात हायत. बोल्ट डब्यात हायत, बोटानं जेवढे फिरतील तेवढे फिरवा. पाना मिळणार न्हाई."

थोड्या वेळानं अण्णा आले. कुलूप पाहिलं, मिस्त्री पाहिले, वस्ताद पाहिले, आणि कपाळाला हात लावला. "अहो वस्ताद, तीन दिवसांवर मेळा आलाय. मोटारीचं काम करायचं आणि पाने कुलपात, ही कुठली तऱ्हा? तब्येत बरी हाय ना?"

"बसा अण्णा. चहा सांगितलाय," वस्ताद म्हणाले आणि पान उलटलं.

अण्णांना वाटलं म्हातारा वयानं बहकला. खरं सांगायचं तर मला ही हकीकत सांगणाऱ्या गल्लीतल्या माणसालाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती आणि वस्तादांच्या तोंडावर रेषही हलत नव्हती. मुकाट्यानं दोघे कामाला लागले.

इंजिन कप्पीला टांगलं. गिअरबॉक्स फळ्यांवर त्याच्या उंचीला आणला. गिअरबॉक्सच्या एका अंगाला अभिनंदन, दुसऱ्या अंगाला निवास. दोघांनी आपापल्या बाजूनं तो इंजिनाकडे रेटला. दांडा छिद्रात शिरला, पुढे सरकला आणि थांबला. अभिनंदनच्या बाजूला अर्ध्या इंचाची फट राहिली. अगदी त्या दिवशीसारखीच.

त्याचा हात सवयीनं कमरेमागे गेला, जिथं एरवी पाना खोचलेला असे. तिथं काही नव्हतं. त्यानं कपाटाकडे बघितलं. वस्ताद आता चष्मा पुसत होते. पुन्हा रेटा दिला. फट तेवढीच. गिअरबॉक्स मागे घेतला, पुन्हा आणला, पुन्हा रेटा. अकरा वाजले. घामानं दोघांचे शर्ट पाठीला चिकटले, तरी फट अर्ध्या इंचाला अर्धा इंच. आवळायला काही नसलं की माणसाला नाइलाजानं बघावं लागतं. अभिनंदन पहिल्यांदा वाकून त्या फटीकडे नीट बघू लागला. बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला फक्त आपलीच बाजू दिसते आहे. पलीकडची कड मधल्या लोखंडानं झाकलेली होती. ती बघायला एक तर पलीकडे जायला हवं होतं, आणि गिअरबॉक्स सोडून जाता येत नव्हतं, किंवा पलीकडच्या माणसाला विचारायला हवं होतं.

त्यानं फटीवरून नजर काढली. मग मोटारीकडे न बघता, सरळ म्हणाला, "निवास, तुझ्याकडनं किती दिसतीय?"

निवासनं आपल्या बाजूनं फटीत बोट घालून पाहिलं. "इंचभर."

"इंचभर? माझ्याकडं अर्धाच हाय."

"मग तिरकं बसलंय."

"गिअरबॉक्सचं शेपूट कुणाकडं सरकवायचं?"

"माझ्याकडं. हळू. अजून. थांब, लई झालं."

"आता?"

"आता दोन्हीकडं सारखं असंल. बघ."

"सारखं हाय. पर आत जाईना."

"खाच चुकतीय. मी गिअर टाकतो आणि मागनं फिरवतो. तू नुसता हात ठेव, रेटू नको."

निवासनं गिअर टाकला आणि शेपटातून बाहेर आलेला दांडा दोन्ही हातांनी केसभर फिरवला, तसा पुढचा दांडाही फिरला. अभिनंदननं तळवा नुसता टेकवून धरला होता. आत कुठंतरी बारीक आवाज झाला, आणि कोणी न रेटता, न ओढता गिअरबॉक्स सरकत पुढे गेला आणि इंजिनाला टेकला. अभिनंदननं कडेवरून नख फिरवलं. नखही शिरेना. सगळे बोल्ट दोघांनी बोटांनीच शेवटपर्यंत फिरवले, आणि ते लोण्यातून गेल्यासारखे गेले.

मग वस्ताद उठले, कुलूप काढलं आणि दोन पाने दोघांच्या हातांत दिले.

अण्णांना राहवेना. "आता तरी सांगा, हा काय प्रकार होता?"

वस्ताद परत स्टुलावर टेकले. "अण्णा, बोल्ट धरून ठेवायला असतोय, ओढून आणायला न्हाई. जे आपणहून एकमेकाला भेटलंय, त्याला बोल्ट जन्मभर धरून ठेवतोय. जे भेटलेलंच न्हाई, त्याला ओढाय गेलं की कान तुटतोय. ही गोष्ट ह्या दोघांस्नी ठाऊक न्हाई असं न्हाई, बारा वर्षं मीच शिकवलीय. पर हातात पाना असला ना, की माणसाला धीर राहत न्हाई. फट दिसली की आवळतोय. म्हणून म्हटलं, पानाच नको. आवळता येईना झालं, की माणूस बघायला लागतोय. एकट्याला सगळं दिसंना झालं, की मग दुसऱ्याला विचारतोय."

अण्णा मग चाचरत म्हणाले, "मग मी सोमवारी गूळ भरवला, तो?"

"तो बी पानाच की, अण्णा. गोड होता, एवढंच."

यावर सगळ्यांत आधी निवास हसला. तीन आठवड्यांत तो पहिल्यांदा हसला आणि त्याच्या हसण्यानं अभिनंदनलाही हसू फुटलं. अण्णांनी आधी रागावून पाहिलं, मग तेही पोट धरून हसू लागले.

शुक्रवारी जोडलेलं धूड मोटारीत उतरवलं. हे काम पाहण्यासारखं असतं म्हणतात. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून पुरुषभर लांब होतात, ते धूड आडवं खड्ड्यात मावत नाही. शेपूट खाली, तोंड वर असं तिरकं टांगून आधी शेपूट आत घालायचं आणि मग हळूहळू आडवं करत न्यायचं. अभिनंदन कप्पीच्या साखळीवर होता, त्याला शेपूट दिसत नव्हतं. निवास मोटारीत बसून, गिअरच्या दांड्याच्या भोकातून शेपूट बघत होता, त्याला साखळी दिसत नव्हती. "सोड" म्हटलं की साखळी दोन कड्या सुटे, "थांब" म्हटलं की जागच्या जागी थांबे. तासाभरात सगळं जाग्यावर बसलं. मोटारीच्या रंगाला ओरखडासुद्धा आला नाही.

शनिवारी दुपारी मोटार सुरू झाली. आधी खोकली, मग धूर सोडला, मग मांजर गुरगुरावं तशी एका लयीत चालू लागली. अण्णांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. वस्तादांना मानानं शेजारी बसवून ते गल्लीत चक्कर मारायला निघून गेले. शेडमध्ये दोघेच उरले.

अभिनंदन बराच वेळ एकच हात पुसत होता. "निवास, कान माझ्यानं तुटला," तो म्हणाला. "शाफ्ट सरळच हुता. मला कळत होतं ओढू नये म्हणून. अण्णा येणार म्हणून घाई केली, आणि तुटल्यावर लाज वाटली म्हणून तुझ्यावर ढकललं."

निवासला हे तीन आठवड्यांपासून ऐकायचं होतं, आणि आता ऐकल्यावर त्याला आनंद झाला नाही. "त्या दिवशी बी माझ्याकडनं फट इंचभर दिसत होती," तो म्हणाला. "तू बोल्ट घातलास तेव्हा मी बघत होतो. आता तुटणार हे मला कळलं होतं. तोंड उघडलं असतं तर वाचला असता. पर मी बोललो न्हाई. म्हटलं, बघू दे सगळ्यांस्नी ह्याची हुशारी."

अभिनंदननं मान वर केली. रागावलाही असता; रागावण्यासारखं होतंच. पण स्वतःचं नुकतंच बोलून झालं होतं, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकायला मनात जागा होती. "मग दोघांनी मिळून तोडला की," तो म्हणाला.

"व्हय. तोडतानाच काय ते मिळून केलं," निवास म्हणाला.

मोटार परत आली तेव्हा दोघांनी वस्तादांना सगळं सांगून टाकलं, एकानं अर्धं आणि दुसऱ्यानं अर्धं. वस्तादांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुटलेली कड बघितली की समजतं ओढलं कुठनं आणि फट कुठं जास्त होती."

"मग विचारलं का न्हाई?" अभिनंदन म्हणाला. "तीन आठवडे आमचे वाया गेले. मी तुमच्यापुढं खोटं बोललो नसतो."

"ठाऊक हाय मला. विचारलं असतं तर दोघांनी बी कबूल केलं असतं," वस्ताद मोटारीतून सावकाश उतरत म्हणाले. "पर माझ्यापुढं. मी मिरजेला गेल्यावर त्याचा काय उपयोग?"

दिवाळीनंतर वस्ताद मिरजेला गेले. शेड अजून चालू आहे. दोघे भांडतातही, आणि अगदी मोठ्यानं, पण आता मोटारीला सांगून नव्हे.

आपल्यापैकी कोणाचं घरात, भावाभावांत किंवा कचेरीत असंच अर्ध्या इंचावर अडलेलं असेल, तर त्यानं तूर्त एवढंच करून पाहावं. आवळू नये. पलीकडच्या माणसाला विचारावं, "तुझ्याकडनं किती दिसतंय?"